टाक्याचा कागद

पोटावरचा टाका बघून आतला टाका कळत नाही. वाक्य इतकं साधं आहे की आता कुणाला सांगायचाही संकोच वाटतो. कॉलेजात ते मला पाठ होतं, परीक्षेत लिहून त्याचे मार्कही मिळवले होते. तरी ते खरं म्हणजे काय, हे कळायला येडशीत दवाखाना टाकून चार वर्षं जावी लागली, आणि ते कळलं त्या दिवशी उपयोग काही झाला नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं की डॉक्टर, तुमच्या पंचेचाळीस वर्षांतल्या गमतीजमती लिहा, वाचकांना हसू येईल असं काहीतरी. गमती पुष्कळ आहेत. पोटात दुखतंय म्हणून थर्मामीटर पोटावर ठेवून घेणारे आजोबा होते, नवऱ्याचं इंजेक्शन स्वतः घ्यायला आलेली बाईही होती. ‘तो कामावर गेलाय, मला द्या, घरात एकच की,’ असं तिचं म्हणणं. पण लिहायला बसलो की हात तिकडं जात नाही. पाटी उतरवून चार वर्षं झाली, गुडघे गेले, एका कानानं कमी ऐकू येतं, आणि आता खोटं हसवायचाही कंटाळा येतो. म्हणून जे डोक्यात आहे तेच लिहितो. संपादकांनी छापलं तर छापलं.

आधी धंदा समजावून सांगतो. सिझेरियन करतो तो मोठा डॉक्टर. तो दहा दिवसांनी टाके काढतो आणि बाईला घरी पाठवतो. त्याच्यापुरती ती बाई तिथं संपते. त्यानंतरची सगळी वर्षं ती आमच्यासारख्या गावातल्या डॉक्टरकडं असते. टाक्यातून पाणी येतंय, अंगावरून जास्त जातंय, दूध येत नाही, कंबर धरली, हे सगळं आमच्याकडं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढचं गरोदरपण. गर्भाची पिशवी एकदा कापून शिवलेली असते. बहुतेक वेळा तो काप पिशवीच्या खालच्या अंगाला, आडवा असतो. तो चांगला भरून येतो, जपून राहिलं तर पुढचं बाळंतपण सुखरूपही होतं. पण मूल पोटात आडवं असलं, हात बाहेर आलेला असला, तर सर्जनला कधीकधी पिशवी वरच्या अंगाला उभी कापावी लागते. तो टाका कच्चा. पुढच्या खेपेला पिशवी ताणली गेली की कळा सुरू व्हायच्या आधीही तो उसवू शकतो. त्या बाईला आठव्या महिन्यातच मोठ्या दवाखान्यात नेऊन ठेवावं लागतं.

कुठला काप आहे, हे फक्त सुटीच्या कागदावर लिहिलेलं असतं. बाहेरचा काप त्या काळात बहुतेकींचा बेंबीखालून उभाच असे, आत काहीही असो.

आता त्यातली आमच्याकडची अडचण सांगतो. आमच्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. म्हणजे सिझेरियन व्हायचं ते बहुधा पहिल्या वेळी, माहेरच्या माणसांच्या देखत, माहेरजवळच्या दवाखान्यात. कागद माहेरच्या ट्रंकेत. दुसऱ्या वेळी बाई सासरी, आणि सासरच्या डॉक्टरला म्हणजे मला माहीत काय, तर काही नाही. त्यात मी पुरुष. बाई काही पोट दाखवत नसे. तिच्याबरोबर सासू येई आणि सासूच सगळं सांगे. टाका कुठं आहे म्हटलं की सासू स्वतःच्या लुगड्यावरून स्वतःच्याच पोटावर बोट ओढून दाखवी. मी तेवढ्यावर समजून घ्यायचो. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण मी पुष्कळ गरोदर बायकांची तपासणी त्यांच्या सासवांच्या पोटावर केलेली आहे.

अनसूया अशीच आली. सगळे तिला अनसा म्हणत. बहात्तरच्या दुष्काळातला हिवाळा होता. येडशीपासून कोसभरावरच्या वस्तीवर तिचं सासर. विशीतली, काटक, मान खाली घालून बसलेली. तिची सासू भागाबाई बोलायला एकदम तयार. पाचवा महिना लागलाय, पहिलं बाळंतपण तेरला माहेरी झालं, सोलापूरला नेऊन पोट फाडलं, मूल दोन दिवसांत गेलं, एवढं तिनं एका दमात सांगितलं. ‘फाडलं’ म्हणताना तिनं सुनेकडं असं पाहिलं, जसं काही अनसानं स्वतःच विळा घेतला होता.

‘टाका कसा आहे?’ मी विचारलं.

भागाबाईनं स्वतःच्या बेंबीखाली उभं बोट ओढलं. ‘असा. चांगला भरलाय. म्या रोज बघती न्हाताना.’

‘कागद आहे का सोलापूरचा?’

‘त्येंच्याकडं असंल. आमाला कशाला दावतील? आमच्या सुनंचं पोट फाडताना आमाला इचारलं न्हाय त्येनी. पोराला सांगावा आला त्यो समदं झाल्यावर.’

सासर-माहेरची बोलचाल तेव्हापासून बंद होती, हे मला त्या एका वाक्यात कळलं. मी म्हणालो, पुढच्या खेपेला कागद आणा. केसपेपरवर लिहिलं, ‘जुना टाका, चांगला भरलेला.’ सासूच्या तोंडचं वाक्य मी माझ्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. बाहेर तीस-चाळीस माणसं बसलेली. झऱ्याचं गढूळ पाणी पिऊन गावंच्या गावं हगवणीनं पडली होती. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या भाकरीनं पोट बिघडलेली पोरं वेगळीच. एका बाईच्या कागदामागं लागायला मला सवड नव्हती. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

पुढची खेप आलीच नाही. ती आली ती एकदम मे महिन्यात, आठवा महिना सरत आलेला असताना.

सकाळचे दहा वाजले असतील. बैल छावणीला लावलेले, त्यामुळं गाडी नव्हती. अनसा कोसभर चालत आली होती. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर ती दगड वाहत होती. हजेरीपटावर नाव राहायचं तर कामावर जावं लागे. त्या दिवशी टोपलं उचलताना टाक्याखाली चमक आली आणि ती खाली बसली. भागाबाई चिडलेली होती, कारण दोघींचंही काम बुडालं होतं.

सुईण काशीबाई माझ्या दवाखान्यात मदतीला असे. तिला अनसाजवळ ठेवून मी या वेळी स्वतः पोट तपासलं. भागाबाईनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. टाक्यावर हात ठेवला की अनसा ओठ दाबून घेई. नाडी थोडी जलद होती. लाकडी नळी पोटाला लावली तर बाळाचे ठोके नीट ऐकू आले. मी ते मोजले आणि सरळ उभा राहिलो. मला जे वाटत होतं ते मी सांगितलं. ‘हिला आत्ताच्या आत्ता बार्शीला न्यायला पाहिजे. टाक्याला ताण बसतोय. आत कसा टाका आहे कुणास ठाऊक.’

‘तुमालाच ठावं न्हाय मंग कशापायी न्यायचं?’ भागाबाई म्हणाली. ‘पोटात चमक आली तर गोळी द्या. एकदा फाडून एक लेकरू घालवलं. आता दुसऱ्यांदा फाडायला नेऊ? कागदावर काय लिव्हलंय त्ये दावा मला. तसं लिव्हलं आसंल तर म्या सोता नेती.’

तिचं बोलणं अडाणीपणाचं होतं असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. तसं ते नव्हतं. सकाळी धडधाकट कामावर गेलेल्या सुनेला दुसऱ्यांदा कापायला न्यायचं, तर कारण काय, एवढंच ती विचारत होती. माझ्याकडं कारण होतं, पण ते माझ्या हाताच्या बोटांत होतं आणि तिला ते दिसत नव्हतं. मला राग आला. चार वर्षं या लोकांची सेवा करतोय आणि ही बाई मला पुरावा मागते. मी तेव्हा तिशीचा होतो.

‘दाखवतो कागद,’ मी म्हणालो. काशीबाईला सांगितलं, हिला हलू देऊ नको. आणि मोटरसायकलला किक मारून तेरच्या रस्त्याला लागलो.

जरा नकाशा डोळ्यांपुढं आणा. येडशीहून बार्शी पश्चिमेला आणि तेर पूर्वेला. अंतर जवळजवळ सारखंच. ज्या वेळात मी बाईला ऑपरेशन टेबलापर्यंत पोचवू शकलो असतो, त्या वेळात मी तिच्यापासून लांब लांब जात होतो. वाटेत हे मला एकदाही सुचलं नाही. मी डोक्यात भागाबाईशी भांडत होतो आणि भांडण जिंकत होतो.

तेरला अनसाचा बाप ग्यानबा घरी नव्हता. नदीत आहे म्हणाले. तेरणा कोरडी ठणठणीत पडली होती. पात्रात वाळूत जागोजागी झरे खणलेले, आणि प्रत्येक झऱ्याशी एक माणूस वाटीनं पाणी वर काढत बसलेला. ग्यानबा कमरेइतक्या खड्ड्यात उतरला होता. मी काठावरून ओरडून कोण आहे ते सांगितलं. तो घाबरून वर आला, हाताची वाळू धोतराला पुसली.

‘अनसाचा सोलापूरचा कागद पाहिजे. लगेच.’

तो म्हणाला, ‘कागद न्हाय, डाक्टर.’

‘नाही म्हणजे?’

‘लेकरू गेलं न्हवं का. हिच्या आईनं दवाखान्यातलं समदं गठुडं नदीत सोडलं. लेकराचं दुपटं, हिचं लुगडं, वाटी-चमचा. तिथलं काय बी घरात आणायचं न्हाय म्हनली, पुढल्या लेकराला भवतं. कागद त्यातच बांधलेला व्हता. तवा नदीला पाणी व्हतं.’

मी वेड्यासारखं त्या वाळूकडं बघितलं. जणू कागद तिथं कुठंतरी वर आला असेल.

‘मग सोलापूरचे डॉक्टर तोंडानं काही बोलले होते का? आठवा जरा.’

ग्यानबा पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरायला लागला. ‘डाक्टरीणबाई बोलल्या व्हत्या. पोर आडवं व्हतं, हात भायेर आलता. म्हनून आतला टाका उभा हाय म्हनल्या. पुढल्या टायमाला आठवा लागला की आणून ठिवा, कळा येऊ देऊ नगा. दोनदा सांगितलं त्येंनी. माझ्याकडून परत म्हनून घेतलं.’

‘आणि तुम्ही सासरी सांगितलं नाही?’

‘कसं सांगू?’ तो एकदम रडायला लागला. ‘दर बाळंतपणाला फाडावं लागणारी पोर हाय म्हनून सांगू? नांदवली आसती का त्येंनी? म्या म्हनलं, आठवा लागला की सणाचं निमित्त काढून घेऊन येतो आन् परस्पर सोलापूरला नेतो. पर त्येंनी धाडलीच न्हाय. दुसरं बाळंतपण आमच्याकडं म्हनले. दोनदा जाऊन बसलो दारात. पाणी सुदीक इचारलं न्हाय.’

त्याला मागं बसवलं आणि परत निघालो. तो माझ्या खांद्याला धरून बसला होता. मध्येच कानाशी येऊन विचारी, ‘काय व्हनार न्हाय न्हवं, डाक्टर?’ मी ऐकू न आल्यासारखं केलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दोन वाजले होते. भागाबाई पायरीवर भाकरी खात बसली होती. मला बघून म्हणाली, ‘दुखायचं थांबलंय तिचं. मगाच्यान गप पडलीय.’ तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर होता. मी आत पळालो.

दुखणं असं एकदम थांबलं की डॉक्टर समजतो, आतला टाका उसवला. अनसा पांढरी पडली होती, अंग गार, घाम सुटलेला. नाडी हाताला लागेना. काशीबाई तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती. मला म्हणाली, ‘डाक्टर, लेकरू जागा सोडून गेलंया. हातपाय कातड्याखालीच लागत्यात. म्या भागाबाईला म्हनलं, न्यावं हिला. ती म्हनली डाक्टर येऊ द्या.’ मी नळी लावली. वर लावली, खाली लावली, दोन्ही कुशींना लावली. काही ऐकू आलं नाही.

वाहन मिळवून दिलं ते भागाबाईनं. हे लिहायलाच पाहिजे. मी बाटली लावत होतो तेवढ्यात तिनं बाहेरून काशीबाईचं बोलणं ऐकलं, आत डोकावून सुनेचा चेहरा पाहिला, आणि पुढच्या क्षणी ती रस्त्यावर होती. दुष्काळी कामावरच्या मजुरांना खायला वाटायची सुकडी घेऊन जाणारा ट्रक येत होता. ती त्याच्या आडवी उभी राहिली. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, ती हलली नाही. सुकडीच्या पोत्यांवर अनसाला आडवं केलं. मी सलाईनची बाटली उंच धरून उभा, ग्यानबा पायाशी, भागाबाईच्या मांडीवर सुनेचं डोकं. दीड वर्ष एकमेकांशी न बोललेली ती दोघं त्या ट्रकमध्येही बोलली नाहीत.

बार्शीच्या डॉक्टरांनी शर्थ केली. बापाचं रक्त जुळलं. पिशवी वरपासून उसवलेली होती, ती काढून टाकावी लागली. मुलगा होता, चांगल्या वाढीचा. तो गेलेला होता. अनसा वाचली.

संध्याकाळी व्हरांड्यात मी भागाबाईजवळ जाऊन बसलो. तिला टाकून बोलावं, असं मनात होतं. पण तिनंच सुरुवात केली, आणि तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. ‘तुमी म्हनला बार्शीला न्या. म्या न्हाय म्हनलं. मंग तुमी कागद आणाय गेला. म्या म्हनलं, डाक्टर सोता हितनं निघून जातूय, म्हंजी निवांत आसंल. येवढं काय नसंल. तुमी गेलाच नसता, हितंच बसून वरडला असता, तर म्या नेली आसती की हो.’

मी त्या बाईला तोंडानं सांगितलं होतं की घाई आहे, आणि पाठ फिरवून सांगितलं होतं की घाई नाही. तिनं दुसरं ऐकलं. कुणीही तेच ऐकलं असतं.

अनसाला पुढं सासरी नांदवली नाही. दिगंबर म्हणजे तिचा नवरा वाईट नव्हता, पण आईपुढं आणि भावकीपुढं त्याचं काही चालत नव्हतं. वर्षभरात त्यानं दुसरं लग्न केलं. अनसा तेरला परत गेली. ग्यानबा ज्या गोष्टीला भिऊन गप्प बसला, तीच झाली.

त्यानंतर मी कागद द्यायला लागलो. मोठं काही नव्हतं, पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा. सिझेरियन झालेली कुठलीही बाई माझ्याकडं ताप-खोकल्यासाठी आली तरी मी आधी तिच्या दवाखान्याला पत्र लिहून माहिती मागवायचो. उत्तर आलं की पुठ्ठ्याच्या एका बाजूला डॉक्टरांसाठी इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला मोठ्या मराठी अक्षरांत लिहायचो. कुठल्या साली कापलं, का कापलं, आत काप कसा, पुढच्या वेळी काय करायचं. बायका त्याला टाक्याचा कागद म्हणायला लागल्या. माझी अट एकच होती. कागद सासूकडं द्यायचा नाही, आईकडं द्यायचा नाही, नवऱ्याच्या खिशात तर मुळीच नाही. तो बाईच्या अंगावर राहिला पाहिजे.

याला लोक काय हसले! एका नवऱ्यानं कागदाला फ्रेम करून देवांच्या फोटोशेजारी टांगला आणि बायकोला तशीच बहिणीच्या गावी पाठवली. एका सासूनं सगळ्या गल्लीला वाचून दाखवून सुनेला भंडावलं. पण बायकांनी स्वतःच तोड काढली. कमरेला पान-तंबाखूची चंची असतेच. तिच्या आतल्या कप्प्यात कागद घालून वरून टाचून टाकायचा. बाईच्या चंचीला सासूसुद्धा हात लावत नाही. कागदाला तंबाखूचा वास लागायचा, कडा चुन्यानं खराब व्हायच्या, पण कागद राहायचा.

एकदा लोहाऱ्याकडच्या डॉक्टरांचं मला पत्र आलं. माझ्याकडची एक बाई तिकडं नणंदेच्या लग्नाला गेली होती आणि मांडवातच कळा सुरू झाल्या. कळांमुळं तिला बोलता येत नव्हतं. तिनं चंची काढून त्यांच्या पुढ्यात टाकली. त्यांनी वाचलं आणि लग्नाला आलेल्या जीपमध्ये घालून तिला थेट सोलापूरला पाठवलं. आई आणि मूल दोन्ही ठीक. ते पत्र मी खूप दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. लोकांना दाखवायचो. अभिमान वाटायचा, आणि तो वाटला की मागोमाग तेरची वाळू आठवायची. असं ते कायमच राहिलं.

दहा-बारा वर्षं गेली. तोवर भाग बदलला होता. साखर कारखाना झाला, उसाच्या बैलगाड्यांनी रस्ते अडायला लागले, गावोगाव दूध सोसायट्या निघाल्या. दुपारची वेळ होती, दवाखाना रिकामा झाला होता. एक बाई आत आली. अंगानं भरलेली, केस कानाशी पांढरे. मी ओळखलं नाही.

‘अनसा म्या. तेरची.’

मी उठून उभा राहिलो. का ते माहीत नाही. तिनं मला बसा म्हणून खूण केली आणि स्वतः स्टुलावर बसली. दोन म्हशी आहेत, बाप वारला, भावाच्या शेजारी वेगळं घर बांधलं, असं तिनं सांगितलं. दुखणं काही नव्हतं.

‘मग कशी आलीस?’

‘माझा कागद न्याय आले.’

‘कसला कागद?’

‘टाक्याचा. समद्या बायकांकडं हाय. मलाच तुमी कवा दिला न्हाय.’

मी तिला समजावून सांगायला लागलो की तो कागद पुढच्या बाळंतपणासाठी असतो, तुझी पिशवीच काढलेली आहे, तुला आता त्याचा काही उपयोग नाही. हे बोलताना मला ऐकू येत होतं की मी काय बोलतोय, पण थांबता येईना. तिनं मला संपवू दिलं.

‘सोसायटीत मेंबर झाले म्या,’ ती म्हणाली. ‘फारम भरताना सेक्रेटरी म्हनला, वारस कोन? मूलबाळ? मंग त्यो सोताच म्हनला, हिला कुठलं मूलबाळ, हिला झालंच न्हाय. भावाच्या पोराचं नाव टाकलं. टाकू द्या, माझं काय म्हननं न्हाय. पर झालंच न्हाय कसं? दोनदा झाले न्हवं का म्या बाळंत? तुमी व्हता की. कागद आईनं नदीत सोडला. दुसऱ्याचा बार्शीला ऱ्हायला. कुठं बी लिव्हलेलं न्हाय.’

मी पुठ्ठा काढला. इंग्रजीची बाजू कोरी सोडली. मराठीच्या बाजूला तिचं नाव लिहिलं आणि तिला विचारत खाली लिहीत गेलो. अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढलं. शेवटी थोडी जागा उरली होती. तिथं पेन थांबलं, मग तेही लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, वाचून दावा.

मी वाचलं. ‘अनसूया ग्यानबा, राहणार तेर. पहिलं बाळंतपण सोलापूर, पोट कापून. मुलगी. जिवंत जन्मली. दोन दिवस जगली. दुसरं बाळंतपण बार्शी, आतला टाका उसवल्यामुळे ऑपरेशन. मुलगा. आठ महिन्यांचा, चांगल्या वाढीचा. मृत जन्मला. या बाईला सकाळी दहा वाजताच बार्शीला पाठवायला हवं होतं. डॉक्टर कागद आणायला गेल्यामुळे चार तास उशीर झाला.’ आणि खाली माझी सही.

इतक्या वर्षांत हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो, बायकोजवळसुद्धा नाही. मी मान वर करून तिच्याकडं बघितलं. ती काय म्हणते याची वाट पाहत होतो. रागावली तरी चालणार होतं. माफ केलं असतं तर, खोटं कशाला बोलू, तेही हवं होतं.

‘त्ये खालचं ऱ्हाऊ द्या तसंच,’ ती म्हणाली. ‘पर त्ये पोरीचं परत वाचा.’

मी परत वाचलं. ‘मुलगी. जिवंत जन्मली. दोन दिवस जगली.’

‘व्हय. दोन दिस,’ ती म्हणाली. ‘रडली बी व्हती. मोठ्यानं रडली. सिस्टर पळत आली व्हती. त्ये लिवा.’

पुठ्ठ्यावर जागा उरली नव्हती. मी कडेनं, बारीक अक्षरात, ओळ आडवी घालून लिहिलं. मोठ्यानं रडली.